मुलाला विंचू चावला तर आधी काय करावे?



भात कापणीला आले की घरातली सगळी मोठी माणसे शेतावर जातात. तान्हे मूल बांधावर झोळीत असते आणि चालती पोरे खळ्यावर पेंढ्यात लोळत असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस आगोटीची कामे निघतात. लाकूडफाटा रचायचा, शेणी आत घ्यायच्या, कौले चाळायची. वाडीवाल्यांच्या झावळ्या आणि नारळाची सोडणे हलवायची. विंचू चावण्याचे हेच दोन हंगाम. अलिबाग, मुरुडपासून श्रीवर्धन, म्हसळ्यापर्यंत आणि आत महाड, पोलादपूरकडे हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. लहान मुलांना भाजणे, बुडणे असे इतरही अपघात होतात. ते आज बाजूला ठेवू आणि एकच विषय नीट बघू.

आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेचे विंचू दिसतात. एक मोठा काळा. दिसायला भयंकर, पण त्याचे विष बहुधा जिवावर बेतत नाही. दुसरा लहानसा तांबडा, बोटाएवढाही नाही. घात करतो तो हा. विष तेवढेच, पण मुलाचे अंग लहान, म्हणून मोठ्या माणसाला जे झेपते ते मुलाला झेपत नाही.

या तांबड्या विंचवाच्या विषाचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या वेळी विष अंगात भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत, आणि त्यात मुले पुष्कळ असत. डॉक्टर रुग्णाच्या खाटेजवळ रात्र रात्र बसून नोंदी ठेवीत. त्यांना आढळले की माणूस मरतो तो वेदनेने नव्हे, हृदय थकून आणि फुफ्फुसात पाणी भरून. खारबंदिस्तीची उघाडी बंद झाली आणि वरून पाऊस चालूच राहिला, तर आतल्या शेतात पाणी चढत जाते. तसेच हे समजा. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला जोर लावावा लागतो आणि पाणी फुफ्फुसात चढते. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची साधी गोळी ही आवळलेली वाट मोकळी करते. १९८३च्या सुमारास त्यांनी ती विंचूदंशावर वापरायला सुरुवात केली. १९८६ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. वेळेवर उपचार मिळालेल्यांतले मृत्यू पुढे शंभरात एकाच्याही खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता मुद्दा ‘वेळेवर’ या शब्दाचा आहे, आणि ती वेळ आईबापांच्या हातात असते.

मूल बोलते असेल तर चावल्याचे सांगेल. तान्हे मूल काय सांगणार? चांगले निजलेले मूल एकाएकी किंचाळून उठले आणि काही केल्या राहीना, तर पोट दुखते म्हणून ओवा लावत बसू नका. आधी त्याचे कपडे उतरवून झटका, दुपटे आणि झोळी उलटून बघा. विष भिनू लागल्याच्या खुणा अशा : उलटी होते, कपडे पिळून निघावेत असा घाम सुटतो, तोंडातून लाळ गळते, हातपाय गार पडतात. मुलगा असेल तर लिंग ताठ होते. ते संकोच न धरता डॉक्टरांना सांगावे. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ठणका कमी आहे म्हणजे धोका कमी, असे मुळीच नाही. पुष्कळदा ज्याला ठणका फार त्याच्या अंगात विष कमी भिनलेले असते. रडायचे थांबलेले, घामाने भिजलेले, गार पडलेले मूल जास्त धोक्यात असते.

घरी करायचे ते थोडकेच. चावलेली जागा साबण-पाण्याने धुवा, थंड पाण्याची घडी ठेवा. मुलाला उचलून घ्या, पळवू नका. उलटी होत असेल तर कुशीवर धरा. उलटी नसेल तर घोट घोट पाणी चालेल. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा आणि निघा. १०८ या क्रमांकावर फोन केला की सरकारी रुग्णवाहिका फुकट येते. पण दारात रिक्षा किंवा टेम्पो उभा असेल तर वाट बघत बसू नका. दोरी आवळून बांधणे, पात्याने चिरणे, तोंडाने विष ओढणे, चुना किंवा तंबाखू चोळणे यातले काही करू नका.

भगताला नावे ठेवायला मी बसलो नाही. काळ्या विंचवाचा ठणका काही तासांत आपोआप उतरतो आणि श्रेय मंत्राला जाते, इतकेच. पण तांबड्याच्या बाबतीत ते काही तासच मोलाचे असतात. भगताकडे जायचेच असेल तर मूल बरे होऊन घरी आल्यावर जा.

दवाखान्यात गोळी दिली म्हणून काहीजण नाराज होतात, “सुई का नाही?” म्हणतात. या आजारात गोळीच मोठी. विंचवावरचे प्रतिविषही आता मिळते. ते गोळीबरोबर दिले तर रुग्ण लवकर सुधारतो, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बावस्करांच्याच अभ्यासात दिसले. काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. ही गोळी आणून घरात मात्र ठेवू नका. तिचे माप मुलाच्या वजनावर असते आणि ती घेतल्यावर मूल एकदम उभे राहिले तर रक्तदाब उतरून भोवळ येते. म्हणून त्याला निजवूनच ठेवतात.

जाता जाता सापाचे. रात्री जमिनीवर निजलेल्या मुलाला मण्यार चावली तर दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणते, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. अशा वेळी अपचन समजू नका, तडक दवाखाना गाठा. वाटेत श्वास थांबलाच तर तोंडाने श्वास देत राहा. मुलांना खाटेवर निजवा. खाट नसेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. यात विंचूही येत नाही, डासही नाही. शाळेचे बूट घालण्याआधी आपटून घ्यावेत. लाकूडफाटा आणि शेणींचा ढीग घराच्या भिंतीला चिकटून नसावा.

शेवटी एक अडचण, जी दरवर्षी येते. मूल दोन तासांत हसायला लागते. इकडे कापलेले भात शेतात पडलेले, आभाळ भरलेले. मग आईबाप म्हणतात, नेतो घरी. तसे करू नका. डॉक्टर चोवीस तास ठेवा म्हणतील तर तेवढे ठेवा. भात उचलायला भावकीला, शेजाऱ्याला सांगा. आईने किंवा बापाने, कोणी तरी एकाने, खाटेशेजारी बसलेच पाहिजे. हातपाय पुन्हा गार लागले, धाप लागली किंवा खोकला सुरू झाला, तर रात्रीचे किती वाजलेत ते न बघता नर्सबाईंना उठवा.