बियांतील इंधन आणि कोरडवाहू जमीन



झाडाच्या बियांतून इंजिनास लागणारे इंधन मिळू शकते, ही कल्पना नवी नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. पुढे खनिज तेल स्वस्त व मुबलक झाले आणि वनस्पतितेल मागे पडले. भारतात त्याची पुन्हा आठवण झाली ती आयात तेलाचा बोजा जाणवू लागल्यावर.

तेल जसेच्या तसे इंजिनात घालणे हितावह नसते. ते डिझेलच्या मानाने दहापटींहून अधिक दाट असते. त्याचा फवारा नीट होत नाही व इंजिनात काजळी साचते. म्हणून त्यावर मिथेनॉल आणि अल्कली यांची प्रक्रिया करतात. साधारणतः १०० किलो तेल व ११ किलो मिथेनॉल यांपासून सुमारे १०० किलो जैवडिझेल मिळते आणि दहा-अकरा किलो ग्लिसरीन हाती येते. करंजाच्या तेलात मुक्त मेदाम्ले बरीच असल्यास ती आधी कमी करून घ्यावी लागतात, एरवी भांड्यात इंधनाऐवजी साबणच तयार व्हावयाचा! ही रसायनक्रिया फारशी अवघड नाही. खरी अडचण बियांची आहे.

२००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या लागवडीवर भर दिला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळावे, असे उद्दिष्ट सुचविण्यात आले; त्यासाठी सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टर जमीन लागेल असा हिशेब होता. पडीक जमीन, बेताचा पाऊस आणि भरघोस बी ही तिन्ही एकत्र नांदतील, असे जणू गृहीतच धरले गेले. मोगली एरंड कुंपणाला पाण्यावाचून तग धरतो, हे शेतकऱ्यास ठाऊक होतेच. परंतु तग धरणे निराळे आणि फळणे निराळे. हलक्या जमिनीत उत्पन्न अपेक्षेहून फारच कमी आले. फळे एकाच वेळी पक्व होत नसल्याने तोडणीची मजुरी वाढली. पेंड विषारी असल्याने ती गुरांपुढे टाकण्याची सोय नव्हती. २००५ च्या खरेदी-धोरणात जैवडिझेलला लिटरमागे २५ रुपये दर ठरला, पण तेवढ्यात उत्पादनखर्चही निघेना. उद्दिष्ट कागदावर राहिले. ज्वारीचे रान मोडून ज्याने रोपे लावली, त्याची मात्र तीन-चार वर्षे गेली. रोपे फुकट मिळतात म्हणून ती लावण्यापूर्वी बी कोण घेणार, कोणत्या दराने घेणार आणि तसे लिहून देणार काय, हे त्याने विचारावयास हवे होते. आणि ते त्याला आपण होऊन सांगणे हे योजना राबविणाऱ्यांचे कर्तव्य होते.

याउलट ओढ्याकाठी व रस्त्याच्या कडेला उभा असलेला करंज, कोकणच्या किनाऱ्यावरील उंडी, यांना नवी जमीन लागत नाही. करंजाची पेंड खत म्हणून उपयोगी पडते. अशा झाडांपासून फार मोठा पुरवठा होणार नाही, ही गोष्ट खरी. पण तो कोणाच्या ताटातून काढून घेतलेला नसतो. हॉटेलांतील वापरलेल्या तेलाचेही तसेच. ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झालेले तळणीचे तेल पुन्हा खाण्यासाठी वापरण्यास १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. तेच तेल जैवडिझेलच्या कामी येते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० साठी ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आहे. आधीच्या २० टक्क्यांच्या तुलनेत ते अधिक समंजस म्हटले पाहिजे.

आपला नेहमीचा एरंड या चर्चेत उगाच मागे राहतो. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर असून त्यात गुजरातचा वाटा सर्वांत मोठा आहे. एरंडेल जाळण्यापेक्षा त्यापासून वस्तू बनविणे अधिक लाभाचे ठरते. वंगणे व रंग तर आहेतच. शिवाय त्यावर मिथेनॉलचीच प्रक्रिया करून, पुढे उच्च तापमानात त्याचे विघटन केले की नायलॉन-११ चा कच्चा माल मिळतो. मोटारींतील इंधनाच्या नळ्या या नायलॉनच्या बनवितात. शिवाय एरंड बहुधा हंगामी पीक म्हणून घेतला जातो. एका वर्षी भाव पडला, तर पुढल्या वर्षी त्याच रानात तूर पेरता येते.