तेलाचा पैसा आणि फळ्यावरचा हिशेब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘माझा जीवनप्रवास’. माझा सगळा प्रवास लेखापरीक्षणाच्या कचेरीत झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. त्यात ऐकण्यासारखे काही नाही. ज्यांच्या वह्या तपासल्या त्यांनाही ते कधी ऐकावेसे वाटले नाही. म्हणून परवानगी काढून मी विषय बदलला आहे. आज मी आफ्रिकेतल्या चाड नावाच्या देशाच्या तेलाविषयी बोलणार आहे. घाबरू नका, जेवणाच्या आत आपण डिंभ्याच्या वरच्या अंगाला परत येऊ.

पण आधी शाळेतली एक गोष्ट. नववीत आपण सहलीसाठी दर शनिवारी चार आणे जमा करायचो. पेटी गणिताच्या सरांच्या कपाटात आणि वही माझ्याकडे. शेवटच्या तासाला सर मला सगळ्यांची नावे आणि जमा रक्कम फळ्यावर लिहायला लावत. मला त्याचा भारी कंटाळा. वही आहे की, फळा कशाला? एका शनिवारी मागच्या बाकावरून एक जण उभा राहिला, “माझे चार आणे कुठंयत?” वहीत खरेच नव्हते. मीच लिहायला विसरलो होतो. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय आणि अजून माझ्याकडे त्याच नजरेने बघतोय.

आता चाड. हा देश समुद्रापासून दूर, वाळवंटाच्या कडेला. १९६० साली फ्रेंचांकडून स्वतंत्र झाला आणि पुढची कित्येक वर्षे यादवीत गेली. दक्षिणेला डोबाच्या खोऱ्यात तेल सापडले, पण ते विकायचे तर शेजारच्या कॅमेरूनमधून समुद्रापर्यंत १०७० किलोमीटर पाइप टाकायला हवा. एक्सॉनमोबिल, पेट्रोनास आणि शेव्हरॉन या कंपन्यांकडे पैसा होता. तरी त्यांना जागतिक बँक सोबत हवी होती. एकूण खर्चाच्या मानाने बँकेचे कर्ज अगदी थोडे होते. पण अशा देशात अब्जावधी डॉलर पुरायचे तर बरोबर कोणीतरी वजनदार माणूस असलेला बरा. लग्नाची बोलणी करायला आपण गावातला एखादा ज्येष्ठ नेतो, तसेच.

बँकेने अट घातली. आधी कायदा करा, मग कर्ज. चाडमध्ये १९९९ च्या जानेवारीत तो जारी झाला आणि २००० साली बँकेने मंजुरी दिली. कायदा मी मुद्दाम वाचला. हिशेबनीस म्हणून सांगतो, कागदावर सुरेख होता. रॉयल्टी आणि लाभांशाचा पैसा सरकारच्या तिजोरीत थेट येणारच नाही. तो लंडनमधल्या खात्यात जाईल. शंभर रुपये आले असे धरा. त्यातले १० पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला. उरलेल्या ९० पैकी ७२ शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी, शेती यांना. साडेचार रुपये ज्यांच्या जमिनीतून तेल निघते त्या भागाला. सरकारच्या रोजच्या खर्चाला फक्त साडेतेरा. वर देखरेखीला नऊ जणांची समिती. तिच्यात न्यायाधीश, खासदार, सरकारी अधिकारी, शिवाय कामगार संघटना, स्वयंसेवी संस्था आणि धर्मसंस्था यांचे लोक. समितीने होकार दिल्याशिवाय पैसा सुटायचा नाही. जगभर वाहवा झाली.

भोके कुठे होती तेही सांगतो, कारण भोके शोधण्याचाच मी पगार घेतला. कायदा लागू होता तो सुरुवातीच्या तीन तेलक्षेत्रांना. नवी क्षेत्रे त्यात नाहीत. कंपन्यांच्या नफ्यावरचा कर त्यात नाही. करारापोटी मिळालेला अडीच कोटी डॉलरचा बोनसही त्यात नाही. तेल वाहू लागायच्या आधीच त्यातली काही रक्कम शस्त्रांवर गेली. देखरेख समितीजवळ माणसे कमी, आणि दूरच्या गावातली शाळा खरेच बांधली का, हे बघायला जाण्याचे साधन त्याहून कमी. अर्धवट कामे तिने नोंदवली, पण दोषीला शिक्षा करण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता.

२००३ साली तेल वाहू लागले. मग जगात तेलाचे भाव चढले आणि प्रकल्पाच्या कागदांत धरला होता त्याच्या कितीतरी पट पैसा येऊ लागला. इकडे राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी यांच्याविरुद्ध बंडखोर उठले होते. २००५ संपता संपता कायदा बदलायला घेतला. पुढच्या पिढ्यांचा निधी रद्द, आणि शाळा-दवाखान्यांच्या यादीत ‘सुरक्षा’ हा नवा शब्द. जानेवारी २००६ मध्ये बँकेने कर्जे थांबवली, लंडनचे खाते गोठले. देबींनी तेलच बंद करण्याची धमकी दिली. एप्रिलमध्ये बंडखोर राजधानीपर्यंत येऊन धडकले आणि बँकेने तडजोड केली. सप्टेंबर २००८ मध्ये चाडने बँकेचे कर्ज मुदतीआधीच फेडले आणि बँक प्रकल्पातून बाहेर पडली. देखरेखीची सगळी ताकद त्या कर्जात होती. ऋणको श्रीमंत झाला, त्याने पैसे तोंडावर टाकले, संपले.

बँकेला दोष देणे सोपे आहे. मला मात्र एकच प्रश्न छळत राहिला. डोबाच्या खेड्यातल्या माणसाला आपल्या साडेचार रुपयांचा हिशेब कोणी, कुठे, कोणत्या भाषेत वाचून दाखवला असेल?

जमिनीतून निघालेले एकदाच विकता येते, ही गोष्ट आपल्या शेजारीही कोर्टाला सांगावी लागली. गोव्याच्या लोहखनिजाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात खनिज विक्रीतले १० टक्के कायमच्या निधीत ठेवायला सांगितले. तिथेही नियम बाहेरून आला. असो.

आता घरी येऊ. आपल्या भागाला जागतिक बँक हे नाव परके नाही. कुकडी प्रकल्पाला तिचे कर्ज होते. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे, आणि कचेऱ्या घोडेगावात. आपल्याकडे तेल नाही. वरच्या अंगाला हिरडा आहे, आणि २०२० च्या निसर्ग वादळात तोही किती गेला ते तुम्ही पाहिलेत. पण जुन्नर-आंबेगावची पश्चिमेकडची गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे पेसा लागू आहे. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के थेट त्या ग्रामपंचायतींना मिळतात. अबंध निधी म्हणतात त्याला. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, वन आणि पाणी, या चौकटीत काय करायचे ते ग्रामसभेने ठरवायचे. रक्कम चाडच्या तेलापुढे काहीच नाही. पण तीस उंबऱ्यांच्या वाडीला ती फार मोठी.

निवृत्त झाल्यावर अशाच एका गावात मी कोषाचे हिशेब बघू लागलो. गावाचे नाव सांगत नाही, कारण चूक माझी आहे. पासबुक, बिले, मोजमाप पुस्तक, सगळे मी तपासायचो. पैसा-पैसा जुळायचा. ग्रामसभेत मी उठून म्हणायचो, “हिशेब बरोबर आहे,” आणि लोक सह्या-अंगठे करून चहा प्यायचे. मला वाटायचे, काय आदर्श गाव आहे!

मग एका पावसाळ्यात माझे ऑपरेशन झाले. चार महिने मी तिकडे फिरकलो नाही. परत गेलो तर पासबुक भरलेले नव्हते, पाण्याच्या पाइपचे बिल देऊन झाले होते आणि पाइप रस्त्याकडेला गवतात पडले होते. कोणी खाल्ले म्हणावे तर तसेही दिसेना. नुसते कोणी विचारले नव्हते. मी चिडून विचारले, “अहो, चार महिन्यांत कोणी पासबुक बघितले नाही?” एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “तुम्ही नव्हता ना सायेब.”

त्या रात्री मला झोप आली नाही. मी त्या गावाची जागतिक बँक होऊन बसलो होतो. फरक इतकाच, की माझे कर्ज कोणी फेडले नव्हते, मीच आजारी पडलो होतो.

तेव्हा मला सरांचा फळा आठवला. पुढच्या ग्रामसभेला आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतला फळा देवळासमोर आणला. नववीतल्या एका मुलीने जमा आणि खर्चाच्या ओळी लिहिल्या, एकेक मोठ्याने वाचली. मी मागे बसलो आणि तोंड बंद ठेवले, जे मला अवघड जाते. पहिल्या वेळी कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी एक आजीबाई, अक्षर न वाचता येणाऱ्या, म्हणाल्या, “पोरी, पाइपाचं दोनदा वाचलंस. दोनदा का दिलं?” प्रत्यक्षात ते दोन हप्ते होते, चूक काहीच नव्हती. पण ते समजावून सांगायला ग्रामसेवकांना अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात चार बाया पुढे सरकून बसल्या, आणि वाडीच्या टाकीला तोटी कधी बसणार, हेही विचारून झाले.

पाइप आता जमिनीत आहेत. तोटी अजून बसलेली नाही.

आपल्यातले काही जण सरपंच आहेत, काही ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालेत, बरेचसे शिक्षक आहेत. पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. कोणाला यायचे असेल तर सकाळी घोडेगावच्या स्टँडवर भेटा. तिसऱ्या रांगेतल्याने तर यायलाच हवे. त्याच्यासारखा उठून विचारणारा मला तिथे हवा आहे. खडू मी आणतो.