सगळ्यांना गाता येईल अशी चाल



आज बचतीचं, हप्त्याचं काही बोलणार नाही. आज एका संगीतकाराबद्दल सांगणार आहे. त्यांचं नाव तुमच्या लक्षात नसेल, पण चाली तुम्हाला पाठ आहेत.

‘श्यामची आई’ सिनेमातलं द्रौपदीचं गाणं आठवा. कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधायला ती भरजरी पीतांबर फाडते, ते. ‘मोलकरीण’मधलं, आई देवाकडे लेकरासाठी मागणं मागते ते गाणं आठवा. ‘अमर भूपाळी’तली कृष्णाला जागवणारी भूपाळी आठवा. या सगळ्या चाली वसंत देसाई यांच्या.

त्यांचा जन्म १९१२ सालचा, कुडाळ भागातला. तो दशावताराचा आणि भजनाचा मुलूख. तरुणपणीच ते कोल्हापूरला प्रभात फिल्म कंपनीत गेले. तिथे पडेल ते काम केलं. पडद्यावर छोट्या भूमिका केल्या, गाणी म्हटली, मोठ्या संगीतकारांच्या हाताखाली शिकले. पुढे व्ही. शांतारामांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढलं, तेव्हा वसंतराव त्यांच्यासोबत गेले. १९४३ च्या ‘शकुंतला’पासून त्यांचं नाव झालं. १९५९ च्या ‘गूँज उठी शहनाई’त त्यांनी बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई सिनेमात आणली. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात जगाच्या शांततेसाठी एक संस्कृत गीत गायलं. त्याची चालही वसंतरावांचीच.

इतका मोठा माणूस. पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते दोन प्रार्थनांमध्ये. एक १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ सिनेमातली. त्यात एक जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर नेतो आणि शेतीला लावतो. औंध संस्थानात खरोखर असा प्रयोग झाला होता, त्यावरून ही गोष्ट बेतलेली. दुसरी प्रार्थना १९७१ च्या ‘गुड्डी’तली, शाळेतल्या मुली म्हणतात ती. ती वाणी जयराम यांनी गायली. त्या मूळच्या तमिळ, बँकेत नोकरी करणाऱ्या. हिंदी सिनेमात त्यांना पहिली संधी वसंतरावांनीच दिली.

आज या प्रार्थना शाळाशाळांत म्हटल्या जातात. का? कारण त्या कोणालाही म्हणता येतात. चाल फार उंच चढत नाही, फार खाली जात नाही. मध्ये श्वास घ्यायला जागा आहे. ताना नाहीत. ऐकायला सोपी आणि म्हणायलाही सोपी चाल बांधणं, हे फार अवघड काम आहे.

नंतरच्या काळात वसंतरावांनी शाळेतल्या मुलांचं समूहगान मनावर घेतलं. एका वेळी हजारो मुलं, एक सूर, एक ताल. यातली अडचण सांगते. आवाजाला पोचायला वेळ लागतो, सेकंदाला साधारण ३४० मीटर. मैदान १७० मीटर लांब असेल, तर पुढचा आवाज मागे अर्ध्या सेकंदाने पोचतो. मागची मुलं पुढच्यांचं ऐकून म्हणायला लागली, तर गाणं फाटतं. म्हणून समोर उभं राहून हाताने ठेका दाखवणारा माणूस लागतो, आणि सगळ्यांनी त्याच्या हाताकडे बघायचं असतं. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता वाद्यवृंदासमोर हेच काम करून जगभर गाजले. हा माणूस स्वतः एकही स्वर लावत नाही. त्याचं काम दुसऱ्यांना एकत्र ठेवायचं.

आता आपल्या बैठकीकडे या. प्रार्थना होते, पण चांगला गळा असलेली एकच ताई म्हणते, ती तिच्या उंच पट्टीत. बाकीच्या नुसते ओठ हलवतात. आमच्या एका गटात हेच चालायचं. कर्जाच्या विषयावरही त्याच दोघी-तिघी बोलायच्या आणि उरलेल्या अंगठा द्यायच्या. मग आम्ही पट्टी बदलली. गटात सगळ्यात वयस्क आजी आहेत, त्यांना जमेल त्या सुरात सुरुवात करायची असं ठरवलं. ठेका दाखवायचं काम दर बैठकीला वेगळ्या बाईला दिलं. पहिल्या दिवशी हसू आलं. महिना-दोन महिन्यांनी सगळ्यांचे आवाज ऐकू यायला लागले. गाण्याने हिशेब सुधारला असं मी म्हणत नाही. पण कधी तोंड न उघडणाऱ्या एका ताईने त्या महिन्यात विचारलं, “माझ्या हप्त्यातलं व्याज किती?” हा प्रश्न तिने तीन वर्षांत पहिल्यांदा विचारला होता.

मैत्रिणींनो, आपण पंचमीला फेर धरतो, जात्यावर ओव्या म्हटल्या आहेत. तिथे कोणी कोणाचा गळा तपासत नाही. मग बैठकीतच का लाजायचं?

२२ डिसेंबर १९७५ ला वसंतराव दिवसभर ध्वनिमुद्रण करून घरी परतले आणि इमारतीच्या लिफ्टच्या अपघातात गेले. त्यांच्या चाली मात्र रोज सकाळी शाळेच्या अंगणात उभ्या राहतात.

पुढच्या बैठकीत एवढंच करून बघा: सुरुवात सगळ्यात हळू आवाजाच्या बाईपासून करा, आणि बाकीच्यांनी तिच्या सुरात सूर मिळवा.