बालहृदयाची रक्तातील खूण

दूध ओढताना धापा टाकणारे, कपाळाला घाम येणारे, वजन न धरणारे तान्हे मूल पुष्कळदा 'छाती भरली' एवढ्यावरच औषध घेत राहते. दोष फुप्फुसाचा की हृदयाचा, हे नुसत्या धापेवरून ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. अशा वेळी रक्ततपासणी साह्यास येते. हृदयाच्या कप्प्यांवर ताण पडला की त्यांचे स्नायू 'बीएनपी' हे द्रव्य रक्तात अधिक सोडतात. जपानी संशोधकांना ते १९८८ साली प्रथम डुकराच्या मेंदूत आढळले. म्हणून नाव मेंदूवरून पडले, काम मात्र हृदयाचे! जन्मानंतरचे पहिले काही दिवस त्याचे प्रमाण निसर्गतःच अधिक असते. तेव्हा प्रौढांचे मोजमाप अर्भकास लावता येत नाही. अखेरचा निर्णय इकोचाच.

पाटणच्या डोंगरवाडीतून कराडला किंवा जतहून मिरजेला मूल नेणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे. कोणास तातडीने पाठवावे, हे ठरविण्यास ही तपासणी म्हणूनच मोलाची. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत बालके तपासतात. जन्मजात हृदयदोषही त्यांत पाहिला जातो. दूध पिताना घाम येतो, हे मातेने त्यांना आपणहून सांगावे.