भिंत कीं हिरवा उतार?

पावसाळ्यांत घाटांतून जातांना एक प्रश्न सहज मनांत येतो. रस्त्यासाठीं डोंगर उभा कापला आहे. तो खालीं येऊं नये म्हणून दगडी भिंत बांधावी, कीं उतार सौम्य करून त्यावर गवत व झुडपें लावावीं? भिंत पाहतांच मनाला धीर येतो. गवताचा भरंवसा सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु भिंत कशानें पडते हें ध्यानांत घेतलें, म्हणजे हा समज पुष्कळसा बदलतो.

भिंतीचा खरा शत्रू माती नव्हे, पाणी होय. ४ मीटर उंचीच्या भिंतीमागें माथ्यापर्यंत पाणी तुंबलें, तर केवळ त्या पाण्याचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीस ८ टन होतो. उंची दुप्पट केली कीं तो चौपट, म्हणजे ३२ टन! म्हणून भिंतीच्या पाठीशीं दगडगोट्यांचा थर भरून, पाणी निघून जाण्यास तिच्यांत भोकें ठेवावीं लागतात. तीं मातीकचऱ्यानें बुजलीं, कीं भक्कम दिसणारी भिंतहि फुगते, तडकते आणि एखाद्या मुसळधार रात्रीं रस्त्यावर आडवी होते.

उताराचें गणित निराळें आहे. सुटी माती साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर स्वभावतःच टिकून राहते. म्हणजे ४ मीटर उंचीस सुमारें ६ मीटर मोकळी जागा हवी. ती असेल, तर लावण्यास वाळ्यासारखी वनस्पति विरळा. उन्हाळ्यांत माठांत घालतात व ज्याचे पडदे विणतात, तोच हा वाळा. त्याचीं मुळें आडवीं न पसरतां सरळ खालीं जातात; चांगल्या जमिनींत ३ मीटरपर्यंतहि. समपातळीवर ओळींनीं दाट लावला असतां तो वाहत्या पाण्याचा वेग मोडतो व गाळ अडवितो. मैसूरकडील कांहीं शेतकरी तो बांधांवर पूर्वीपासून लावीत आले होते. १९८० नंतरच्या दशकांत जागतिक बँकेच्या जॉन ग्रीनफील्ड व रिचर्ड ग्रिमशॉ यांनीं भारतांत त्याचा मोठा पुरस्कार केला. मात्र मुळें जमेपर्यंत दोनतीन पावसाळे राखण केली पाहिजे, आणि सुगंधी मुळांसाठीं तो खणून नेण्याचा मोह आवरला पाहिजे.

तेव्हां जागा अरुंद असून माथ्यावर घर असेल तेथें भिंतीवांचून गत्यंतर नाहीं. जागा ऐसपैस असेल तेथें उतारच बरा. पुष्कळदां दोहोंचा मेळ घालणें उत्तम: पायथ्याशीं बुटकी भिंत, तीवर हिरवा उतार, आणि माथ्यावरील पाणी बाजूस वळविणारा चर.

परंतु या दोहोंच्याहि शक्तीस मर्यादा आहे. पुणें जिल्ह्यांतील माळीण येथें ३० जुलै २०१४ रोजीं डोंगर खचून दीडशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. इतकी मोठी दरड गवतानें थांबत नाहीं, रस्त्याकडेच्या भिंतीनेंहि नाहीं. डोंगरमाथ्यावर नव्या भेगा, कलूं लागलेलीं झाडें, एकाएकी गढूळ झालेले झरे हीं चिन्हें दिसतांच सुरक्षित जागीं निघून जाणें, हाच तेथें मार्ग.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घराशेजारीं अशी भिंत असेल, त्यांनीं मृग लागण्यापूर्वींच तिचीं भोकें मोकळीं करवून घ्यावीं व चरांतील गाळ उपसवावा. एका मजुराच्या दिवसभराच्या कामानें पावसाळ्यांतील मोठा अनर्थ टळूं शकतो.