अद्भुत पुस्तकांची पारख

कोकणात भुताखेतांच्या गोष्टींना कधीच तोटा नव्हता, आणि रत्नागिरीस वाचनाचीही परंपरा मोठी. तेथील नगर वाचनालयाची स्थापनाच मुळी १८२८ सालची. तथापि घरातला मुलगा चंद्रावरील प्रवासाचे पुस्तक घेऊन बसला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. 'भाकडकथा वाचून काय मिळणार?' असा प्रश्न होतो. मुलगा पुस्तक मिटतो, आणि पुष्कळदा त्याबरोबर वाचनाची गोडीही मिटते. म्हणून अद्भुत पुस्तकांना सरसकट दोष देण्यापेक्षा त्यांची पारख करावयास शिकणे अधिक शहाणपणाचे होय.

पारखेची कसोटी साधी आहे. लेखकाने एक अशक्य गोष्ट खुशाल मागून घ्यावी. परंतु ती एकदा मान्य झाली, की पुढचे सारे कार्यकारणभावाने घडले पाहिजे. दर अडचणीला जो नवा चमत्कार काढतो, त्याचे पुस्तक खुंटीला टांगावे.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस गोष्टींतील कोळी पाहा. घड्यातून निघालेला राक्षस त्यास मारावयास उठतो. येथे कोणी देव धावून येत नाही. 'एवढा मोठा देह एवढ्याशा घड्यात मावला कसा?' अशी शंका कोळी काढतो. राक्षस ती फेडावयास पुन्हा आत शिरतो, आणि झाकण बसते. चमत्कार राक्षसाचा, विजय मात्र बुद्धीचा.

मुलांच्या हाती भा. रा. भागवतांची 'चंद्रावर स्वारी' द्यावी. मूळ कथा ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची, १८६५ सालची. नऊशे फूट लांबीच्या तोफेतून तिघे जण फ्लॉरिडातून चंद्राकडे निघतात. १९६९ साली खरे चांद्रवीरही तिघेच होते आणि तेही फ्लॉरिडातूनच निघाले. परंतु पुस्तक वाचून झाल्यावर मुलास गणित घालावे. एवढ्या नळीत सेकंदाला अकरा किलोमीटरांचा वेग यावयाचा, तर प्रवाशांवर पडणारा दाब त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक होईल. तोफेतून सुटण्यापूर्वीच त्यांचा चेंदामेंदा होईल! व्हर्नची ही चूक शोधणारा मुलगा भाकडकथा वाचीत नसतो, तो पदार्थविज्ञान शिकत असतो.

मोठ्यांनी जयंत नारळीकर वाचावेत. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत बदललेली घटना एकच आहे: १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून जाते. एवढ्यानेच मराठ्यांचा जय होतो आणि इंग्रजांची कंपनी मुंबई, कलकत्ता, मद्रास यांच्या आसपासच अडकून पडते. इतिहासाचे चाक कोणत्या आरीवर फिरते, हे अशा कथेने जसे मनावर ठसते तसे सनावळ्यांनी ठसत नाही.

याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. कथेस पहिले पारितोषिक मिळाले.

पुस्तकाची शिफारस करणाऱ्यानेही हाच धडा घ्यावा. वाचनालयात देवघेवीच्या मेजापाशी कोणी 'काय वाचावे?' म्हणून विचारले, तर लेखकाचे नाव सांगून थांबू नये; 'फार छान आहे' एवढ्यानेही भागत नाही. त्या पुस्तकात अशक्य गोष्ट कोणती मागितली आहे, आणि तिचा हिशेब लेखकाने शेवटपर्यंत कसा चुकता केला आहे, हे दोन वाक्यांत सांगावे. ज्याचा हिशेब असा सांगता येतो, ते पुस्तक घरातल्या मुलाच्या हाती निर्धास्तपणे द्यावे; आणि त्याचे वाचून झाले, की वडिलांनी स्वतःही वाचावे.