आमच्या मुलाला प्रवेश मिळेल का?
(काठी येथील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला जो विषय दिला तो दहावीच्या निकालानंतर घराघरात निघतो. "आमच्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळेल का?" त्याची दोन उत्तरे आपल्याकडे तयारच असतात. गुणपत्रिकेवर नव्वद टक्के दिसले की मामूजान म्हणतात, "झाला डॉक्टर!" आणि त्याच ओट्यावर बसलेले एखादे बुजुर्ग म्हणतात, "आपल्याला कोण घेतो?" दोन्ही उत्तरे हिशोब न करता दिलेली. पहिल्याने मुलगा गाफील होतो, दुसऱ्याने तो अर्जच करीत नाही. दुसरे उत्तर मला अधिक घातक वाटते. आज आपण थोडा हिशोब करू. आकडेमोड सहन करावी ही विनंती.

प्रथम जागांचे पाहू. आपल्या वडिलांच्या काळी या भागातल्या मुलाला सरकारी मेडिकल कॉलेज म्हणजे पुणे, मुंबई नाहीतर औरंगाबाद. पुढे धुळ्याचे कॉलेज आले, जळगावचे २०१८ साली आणि आपल्या नंदुरबारचे २०२० साली. होळीच्या रात्री साऱ्या सातपुड्याला काठीची वाट सापडते; काठीच्या मुलाला मेडिकल कॉलेजची वाट मात्र आत्ता कुठे जवळ आली आहे. नंदुरबारचे कॉलेज शंभर जागांनी सुरू झाले. पण शंभर जागा म्हणजे आपल्या मुलासाठी शंभर जागा नव्हेत, हे नीट समजून घ्या. त्यांपैकी १५ अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या ८५ मध्ये, २०२५ च्या प्रवेशांचे प्रमाण धरले तर, अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त व भटक्यांना ११, इतर मागासवर्गीयांना १९, २०२४ च्या कायद्याने आलेल्या सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाला १० आणि आर्थिक दुर्बल घटकाला १०. बेरीज सत्तर झाली. खुल्या गटासाठी उरल्या सुमारे पंचवीस जागा, आणि त्यांवर साऱ्या महाराष्ट्राचा डोळा. पूर्वी विभागवार ७०:३० चे सूत्र होते, तेही २०२० साली रद्द झाले. कॉलेज नंदुरबारला म्हणून जागा नंदुरबारकरांची, असे काही नाही.

मग मुलाची शक्यता मोजायची कशाने? दहावीच्या टक्क्यांनी तर नाहीच. बोर्डाच्या पेपरात सविस्तर लिहायचे असते. नीटच्या पेपरात १८० मिनिटांत १८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. ही वेगळीच कसरत आहे. वर्गात पहिला येणारा मुलगा इथे गांगरतो आणि मधल्या बाकावरचा एखादा शांत मुलगा पुढे निघून जातो.

बरे, नीटचे गुण तरी पुरेसे सांगतात का? तेही नाही. २०२४ साली ६५० च्या वर गुण मिळवणारे विद्यार्थी तीस हजारांच्या घरात होते. सुधारित निकालात पैकीच्या पैकी, म्हणजे ७२०, मिळवणारेच सतरा होते. पुढच्या वर्षी, २०२५ साली, पेपर कठीण निघाला. सर्वाधिक गुण ६८६, आणि ६५१ च्या वरचे सारे मिळून ७३ जण. म्हणजे साधारण तेवढेच गुण एका वर्षी तीस हजारांच्या गर्दीत उभे करतात आणि दुसऱ्या वर्षी देशातल्या पहिल्या शंभरात. म्हणून "शेजारच्या मुलाला इतक्या गुणांवर मिळाले" या वाक्याला काही किंमत नाही. विचारायचे ते असे: त्याचा क्रमांक कितवा होता, तो कोणत्या प्रवर्गातून गेला आणि कोणत्या फेरीत? राज्याचा सीईटी कक्ष दरवर्षी प्रत्येक फेरीच्या याद्या जाहीर करतो. मागील दोन-तीन वर्षांच्या शेवटच्या फेरीतला, आपल्या प्रवर्गातला शेवटचा क्रमांक पाहावा. भाव त्यावरून कळतो.

इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या सीईटीत आणखी एक फसगत होते. तिथे मिळतात ते टक्के नसून पर्सेंटाइल असतात. समजा तीन लाख मुले बसली आणि तुमच्या मुलाला ९० पर्सेंटाइल आले, तर त्याच्या पुढे तीस हजार मुले आहेत. त्या आकड्यावर पेढे वाटण्यास हरकत नाही, पण कॉलेज ठरवू नये.

आता घरी करायचा प्रयोग सांगतो, याला पैसा लागत नाही. मागील वर्षांचे तीन पेपर घ्या. तीन रविवार, दुपारी दोन वाजता, घड्याळ समोर ठेवून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून मुलाला सोडवायला बसवा. दुपारी अशासाठी की नीट दुपारीच असते. तिन्हींची सरासरी काढा. सर्वांत चांगला पेपर तेवढा धरू नका. मग त्या-त्या वर्षी तेवढ्या गुणांना कोणता क्रमांक होता ते पाहा. शेवटच्या प्रवेशाच्या क्रमांकापेक्षा आपला क्रमांक बराच आत असेल तर शक्यता चांगली. काठावर असेल तर आणखी एक विषय पक्का करावा लागेल. माझ्या अनुभवात तो बहुधा भौतिकशास्त्र असतो. फारच दूर असेल तर मुलाला रागावू नका. त्याच नीटवर आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे प्रवेश होतात, सीईटीवर फार्मसीचे. अक्कलकुव्याच्या जामियाच्या आवारात फार्मसी कॉलेज आहे, घरापासून हाकेच्या अंतरावर. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात समाजाच्या कोट्याच्या जागा असतात, त्यांची यादीही जवळ ठेवावी. अलीगढचे नाव आपल्या घरात आदराने घेतले जाते, घ्यावेच. पण तिथल्या अनेक अभ्यासक्रमांत निम्म्या जागा विद्यापीठाच्याच शाळा-कॉलेजांतल्या मुलांसाठी असतात, हे धरून हिशोब करावा.

पसंतीक्रम भरताना भिऊ नये. मनात जे कॉलेज पहिले तेच कागदावर पहिले. क्रमांकानुसार यंत्र वरून खाली पाहत येते. वरचे नाव लिहिल्याने खालचे हातचे जात नाही.

"आपल्याला कोण घेतो?" या प्रश्नाकडे परत येतो. सच्चर समितीने २००६ सालच्या अहवालात लिहिले की नामवंत कॉलेजांतल्या पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान असतो. हे दुखणारे आहे. पण त्याच अहवालात व्यवस्थापन संस्थांविषयी दुसरी गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही. मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या मुस्लिम उमेदवारांपैकी सुमारे तीनांत एक निवडला गेला, आणि हे प्रमाण इतरांपेक्षा कमी नव्हते. अडचण दारात कमी, दारापर्यंत पोहोचण्यात जास्त. नीटची उत्तरपत्रिका तर यंत्र तपासते, त्याला मोहल्ला कळत नाही. आणि प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, २०१८ पासून उर्दूतही.

खरी शक्यता पुष्कळदा कागदावर हरते. २०१४ साली शिक्षणात पाच टक्के मुस्लिम आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो रोखला नाही, पण कायद्यात रूपांतर न झाल्याने तो संपला. त्याची वाट पाहत बसू नये. जे आज हातात आहे ते पुष्कळ आहे. मोमीन, तांबोळी, पिंजारी, बागवान, अत्तार ही बिरादऱ्यांची नावे राज्याच्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत. रावेर-यावलकडचे तडवी बांधव अनुसूचित जमातीत आहेत. तिथे धर्म आड येत नाही. जे कोणत्याच यादीत नाहीत, त्यांच्या घराचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०१९ पासूनच्या आर्थिक दुर्बल घटकाच्या जागा त्यांच्यासाठीही आहेत. आपल्यातल्या किती पालकांना हे ठाऊक आहे?

गोची होते ती जातीच्या रकान्यात. आजोबांच्या दाखल्यावर गुरुजींनी नुसते "मुसलमान" लिहिलेले असते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, तेव्हा धावपळ सुरू होते. म्हणून आठवीतच शोध घ्या. वडिलांच्या, चुलत्यांच्या, आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर, तहसिलातली जुनी जन्म-मृत्यूची नोंद, खरेदीखत. कुठेतरी एका ओळीत धंदा किंवा बिरादरी लिहिलेली सापडते. प्रमाणपत्र मिळाले की पडताळणीचा अर्ज अकरावीतच करावा. निकालानंतरच्या आठ दिवसांत ही कामे होत नाहीत.

काहींना वाटेल, अजून मूल लहान आहे. मग नवोदयकडे पाहा. आपल्या तालुक्याच्या गावीच, अक्कलकुव्याला, जवाहर नवोदय विद्यालय आहे. पाचवीत परीक्षा, ८० प्रश्न, दोन तास, आणि संधी एकदाच. पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे भिल्ल समाजातले डॉ. राजेंद्र भारूड या शाळेत शिकले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले, पुढे सनदी सेवेत गेले आणि याच नंदुरबार जिल्ह्याचे जिल्हाधिकारी म्हणून आले. पाचवीतल्या त्या मुलाची शक्यता ओट्यावरच्या मंडळींनी किती सांगितली असती?

मघाशी एका भगिनीने चिठ्ठी पाठवली, मुलीला बाहेर शिकवण्याचा खर्च कसा झेपावा. २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून हवा, ही अट. जेवणखाणाचा खर्च राहतो, त्यासाठी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरावा. आणि मुलगी हुशार आहे पण जवळच काहीतरी शिकेल असे ठरवण्याआधी तिलाही ते तीन रविवार द्यावेत.

सभा संपल्यावर आमचे दोन शिक्षक मागच्या खोलीत जनरल रजिस्टरच्या उताऱ्याचे अर्ज लिहून देण्यास बसणार आहेत. ज्यांनी जुने दाखले आणले असतील त्यांनी ते घेऊन यावे. फाटके असले तरी चालतील.